डाव्या तळहातावरचं

आमच्या घरात दोन इष्टलिंगं. एक माझ्या बायकोच्या, दानेश्वरीच्या गळ्यात, चांदीच्या चौक्यात, म्हणजे छोट्या डबीत, जागेपणी आणि झोपेतसुद्धा. दुसरं माझं, भवानी पेठेतल्या घराच्या लोखंडी कपाटात, बंद पडलेल्या घड्याळाशेजारी. लिंगायत माणसानं ते अंगावरून उतरवायचं नसतं. लहानपणी गुरूंच्या हातून मिळतं, रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजायचं, आणि शेवटी त्याच तळहातावर ठेवून माणसाला बसवून पुरतात. हे सगळं मला ठाऊक आहे. पण तीस वर्षांपूर्वी दुकानात चादरींच्या गाठी उचलताना दोरा सारखा अडकायचा, म्हणून एक दिवस मी ते काढून ठेवलं आणि परत घालायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, घातलं नाही. दानेश्वरीनं पहिली पाच वर्षं तोंड वाजवलं, पुढची पंचवीस गप्प राहिली. मला तिच्या गप्प राहण्याचाच जास्त राग यायचा.

गेल्या मे महिन्यात आम्ही मुलीकडे इंग्लंडला गेलो. बॅगा भरताना बघतो तर माझं लिंग विभूतीच्या फडक्यात गुंडाळून बाजूच्या कप्प्यात घातलेलं.

"हे कशाला आता?" मी म्हटलं.

"परक्या मुलखात चाललाय. असू दे की. खायाला मागतंय व्हय?"

वजन भरत नव्हतं, म्हणून राहू दिलं.

शिवलीला, आमची एकुलती एक, तिकडं उत्तरेला एका खेड्यात डॉक्टर आहे. जावई श्रीशैल त्या महिन्यात कंपनीच्या कामानं जर्मनीत होता. खेडं म्हणजे वीस घरं, एक दवाखाना आणि उरलेल्या सगळ्या मेंढ्या. सोलापूर त्रेचाळीसवर तापलेलं सोडून आम्ही तिथं स्वेटरवर स्वेटर घालून खिडकीत बसलो होतो. बघण्यासारखं काय, तर दोन हजार वर्षांपूर्वी रोमन बादशहानं बांधलेली भिंत. आमच्या राज्याची हद्द इथं संपली, पलीकडचे रानटी, असं सांगायला समुद्रापासून समुद्रापर्यंत घातलेली. जगभरातून लोक ती बघायला येतात. शिवलीला फार कौतुकानं सांगायची. मी म्हणायचो, आमच्या भुईकोट किल्ल्याला असल्या चार भिंती पुरणार नाहीत. ती म्हणायची, "अप्पा, आधी बघा तर."

आठवडाभर पाऊस. मग सोमवारी संध्याकाळी तिनं फोनमध्ये बघून सांगितलं की उद्या सकाळी अकरापर्यंत ऊन आहे, पुढं चार दिवस नाही. मंगळवारी मी सहालाच बूट घालून तयार. दानेश्वरी अंघोळ करून आली आणि पूजेला बसायला लागली. तिची पूजा म्हणजे पाऊण तास. पूजेआधी चहासुद्धा घेत नाही, पाण्याचा थेंबही नाही. अठ्ठावन्न वर्षांत तिनं हे एकदाही मोडलेलं नाही. बाळंतपणातसुद्धा नाही.

"आता बसू नकोस," मी म्हटलं. "ऊन काय तुझ्यासाठी थांबणाराय? तितं कर की पूजा. देव सगळीकडं हाय म्हणतीस न्हवं?"

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, विभूतीची डबी आणि दोन फुलं पिशवीत टाकली आणि गाडीत जाऊन बसली. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मी तिला उठवलं. ती बसली होती आणि मी उठवलं.

भिंत गाडीनं दहा मिनिटांवर होती. खरं सांगायचं तर कमरेएवढी. पण ती एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर जात जात दिसेनाशी होत होती, आणि ते बघून मी किल्ल्याचं नाव काढलं नाही, हे कबूल करतो. वारा असा की बोललेलं तोंडातच राहत होतं. भिंतीच्या खाली, एका शेतकऱ्याच्या मेंढ्या चरत होत्या त्या खोलगट रानात, एक जुनी विहीर होती. विहीर म्हणजे चौकोनी दगडांची कड आणि मध्ये गवतातून झिरपणारा झरा, गुडघाभर काळं पाणी. शिवलीलानं सांगितलं, रोमन शिपाई दूरदूरच्या मुलखांतून इथं थंडीत पहाऱ्याला यायचे आणि पाण्याच्या देवीला नाणी, अंगठ्या, काय असेल ते टाकायचे.

दानेश्वरीला ती जागा आवडली. वाराही जरा कमी होता. "हितंच बसते," म्हणाली. शिवलीलानं बाटलीतलं पाणी पुढं केलं तर नको म्हणाली. वाहतं पाणी असताना बाटलीतलं कशाला. कडेवर बसून तिनं चौका उघडला, लिंग डाव्या तळहातावर घेतलं. मोठ्या जांभळाएवढं, काळंभोर. उजव्या हाताच्या पशात झऱ्याचं पाणी घेतलं आणि लिंगावर सोडलं. मी चार हातांवर उभा राहून घड्याळ बघत होतो. बर्फाचं पाणी होतं ते. दुसऱ्यांदा पाणी सोडताना तिची बोटं आखडली, आणि एवढासा आवाज झाला. दगडावर लागून पाण्यात पडल्याचा.

ती ओरडली नाही. डावा तळहात तसाच पुढं धरून बसली, जणू ते अजून तिथं होतं.

मी पँट वर करून पाण्यात उतरलो. खाली दगड असेल असं वाटलं होतं. चिखल होता, आणि चिखलाखाली आणखी चिखल. हात कोपरापर्यंत आत जायचा आणि बोटांना काहीच लागायचं नाही. किती वेळ गेला ठाऊक नाही. शिवलीलाही उतरली. मग एक म्हातारा शेतकरी कुत्रं घेऊन खाली आला. लांबून हात हलवत होता. मला वाटलं नमस्कार करतोय. तो बाहेर या म्हणत होता.

माणूस वाईट नव्हता. शिवलीलानं त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं टोपी काढली. पण जमीन त्याची असली तरी मालकी कागदापुरती. भिंतीच्या आसपास फावडं लावायचं नाही, माती उकरायची नाही, विहिरीत तर मुळीच नाही. त्यानं बोट करून दाखवलं. त्याच्या रानाच्या फाटकाचा खांब दोन वर्षांपूर्वी पडला होता. नवा रोवायला खड्डा पाहिजे, खड्ड्याला परवानगी पाहिजे, म्हणून फाटक दोरीनं बांधून ठेवलेलं. "मी पुरातत्त्व खात्याला फोन करतो," म्हणाला. एवढंच त्याच्या हातात होतं. आम्ही घरी आलो. दानेश्वरी रिकामा चौका मुठीत धरून मागच्या सीटवर बसली होती.

शिवलीलानं दुपारी भात केला, कढी केली. दानेश्वरीनं ताटाकडे बघितलंच नाही.

"अव्वा, निदान पाणी तरी घे."

"ब्याड," ती म्हणाली. तिला काही नको असलं की तिच्या तोंडी माहेरचं कानडी येतं. "पूजा झाली न्हाय माझी."

"अगं पण पूजा कशी होणार आता?"

"तेच म्हणतीया मी."

तिला दहा वर्षांपासून साखर आहे. पोटात काही नाही म्हणून गोळ्या नाहीत. बुधवारी सकाळी शिवलीलानं बोटाला टोचून साखर बघितली आणि यंत्र माझ्यापासून लपवलं, तेव्हा मला काय ते कळलं. सलाईन लावू म्हणाली तर आई म्हणाली, "सुईतनंबी पाणीच जातंय की." मुलगी डॉक्टर, कपाटात औषधं भरलेली, आणि तिला काही करता येत नव्हतं. आई पूर्ण शुद्धीत होती आणि शुद्धीतल्या माणसाला जबरदस्तीनं काही टोचता येत नाही, तिथला कायदा. शिवलीला स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. नळाचा आवाज लई वेळ येत होता.

त्या दिवशी खात्याची बाई आली. तिशीची पोरगी, पावसाळी कोट घातलेली. मी भांडायच्या तयारीनं बसलो होतो. ती आली ती थेट दानेश्वरीपुढे गुडघ्यावर बसली आणि तिचे हात हातात घेतले. भांडायचं कुणाशी? म्हणाली, मी आज रात्रीच अर्ज लिहिते, मीच सही करते, मीच पाठपुरावा करते, पण वरून परवानगी यायला लवकरात लवकर आठ आठवडे. आणि मग नुसता हात घालता येणार नाही, थरावर थर मोजत काढावं लागेल. मग तिला वाटलं आपण काहीतरी धीराचं बोलावं. म्हणाली, दोन हजार वर्षं लोक या विहिरीत आपली प्रिय वस्तू टाकत आलेत. तुमचंही त्यांच्यात आहे, सांभाळलं जाईल.

शिवलीलानं ते मराठीत सांगितलं. दानेश्वरी दोन दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

"तिला सांग, मी टाकलं न्हाय. मी वाहिलं न्हाय. पडलं माझ्या हातनं."

पोरीनं मान खाली घातली. जाताना दारात शिवलीलाला मिठी मारून गेली.

मी सोलापूरला मठात फोन लावला. स्वामींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिला फोन द्या." मग फोनवरून स्वच्छ आवाजात सांगितलं, "दानेश्वरी, माझी आज्ञा हाय. पाणी घे, जेव. हितं आलीस की माझ्या हातानं दुसरं देतो. अपघाताला दोष न्हाय."

"व्हय स्वामी," ती म्हणाली. फोन ठेवला. आणि तशीच बसून राहिली.

"आता तर स्वामींनी सांगितलं!" मी ओरडलो. घर एवढंसं, आवाज घुमला. "आता कुणाचं ऐकणारेस तू?"

"स्वामींचं खरं हाय. पर घास तोंडाजवळ नेला की हात थांबतुया. मी काय मुद्दाम करतीया व्हय?"

तिकीट अलीकडचं मिळतंय का बघितलं. रविवारच्या आधी नाही. आणि पाण्याच्या थेंबाशिवाय तिला चौदा तास विमानात बसवणार कोण? संध्याकाळपर्यंत तिचे ओठ फुटले. मी माझ्या मनाशी तास मोजत होतो आणि मोजायचं थांबवू शकत नव्हतो.

आता पुढचं. गुरुवारी उजाडतानाच मी चालत निघालो. सव्वा तास लागला. निघताना बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून माझं लिंग काढून खिशात घातलं. कशासाठी ते तेव्हा ठाऊक नव्हतं असं म्हणालो तर ते खोटं होईल. विहिरीपाशी कुणी नव्हतं. पाऊस होता. मी परवानगी न घेता, चोरासारखा, पाण्यात उतरलो आणि जेवढा हात जाईल तेवढा घातला. इंच इंच चाचपलं. मेंढीचा एक दात सापडला. एकदा वाटलं, हे आहे. बाहेर काढला तर गोटा. मी त्या विहिरीला शिव्या दिल्या. रोमन बादशहाला दिल्या. मग स्वतःला दिल्या, आणि त्या सगळ्यांत मोठ्यानं दिल्या. पायांत जीव राहिला नाही तेव्हा बाहेर आलो.

काठावर बसून मी खिशातलं काढलं. तेवढंच, तसंच काळं. चाळीस वर्षं माल विकलाय मी. धुण्यात डाग गेलेली चादर नवी म्हणून कशी द्यायची हे मला कुणी शिकवायला नको. मी त्याला त्या विहिरीचा चिखल फासला. फटीत भरला. मग अर्धवट पुसला, जणू घाईत पुसलाय.

घरात शिरलो तेव्हा दोघी जाग्या होत्या. मी दारातूनच म्हटलं, "सापडलं!" आवाज हवा तसा निघाला.

शिवलीला धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. दानेश्वरी खुर्चीतून उठली नाही. तिनं डावा हात पुढं केला. मी त्यावर ठेवलं. तिनं बोटं मिटली, मग उघडली, अंगठा एकदा वरून फिरवला. माझ्या पायांकडे बघितलं. गुडघ्यापर्यंत निळे पडले होते आणि गालिच्यावर पाणी गळत होतं. मग शिवलीलाकडे बघितलं. ती हसत होती आणि रडत होती.

"कोमट पाणी आण," दानेश्वरी म्हणाली. "पूजा करते."

पाऊण तास पूजा केली. मग पेलाभर पाणी प्यायली, हळूहळू, मध्ये थांबत. मग मऊ भात. मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि बादलीवर बसलो. मी खोटं बोललो होतो आणि मला त्याची लाज नव्हती. आनंदच झाला होता. तेव्हा एवढंच.

लाज सोलापूरला आल्यावर सुरू झाली. रोज सकाळी ती देवघरात बसायची, आणि माझं, तीस वर्षं घड्याळाशेजारी पडलेलं, तिच्या तळहातावर असायचं. बायको ज्याच्यापुढे डोळे मिटून बसते ते तिचं नाही, हे मला एकट्याला माहीत. स्वामींकडे नेऊन दुसरं द्यावं म्हटलं तर कुठल्या तोंडानं? सापडलं म्हणून सांगून बसलो होतो. स्वामींचाही फोन आला, "सापडलं म्हणे, लई बरं झालं." मी म्हटलं, "आपली कृपा." माझं लिंग परत कपाटात ठेवलंय असं तिला सांगितलं होतं, तिनं बघू नये म्हणून किल्ली दुकानात ठेवायला लागलो. खरं सांगितलं तर परत पाणी सोडेल. न सांगावं तर रोज सकाळी फसवणूक. दोन्हीकडून मीच अडकलेलो, आणि गाठ मीच मारलेली.

तिकडून खात्याच्या त्या पोरीचा निरोप आला, की वस्तू सापडली हे ऐकून आनंद झाला, म्हणून अर्ज मागे घेतला. शिवलीलानं आनंदानं कळवलं. म्हणजे तोही रस्ता मीच बंद केला.

दिवाळीनंतर गल्लीतल्या अंबुबाई गेल्या. ऐंशीच्या पुढच्या, झोपेतच गेल्या. आम्ही दोघं गेलो. ओसरीवर त्यांना बसवलं होतं, भिंतीला टेकवून, नवं इरकल नेसवून, कपाळभर विभूती. जंगमांनी, म्हणजे आमच्या पुरोहितांनी, त्यांच्या गळ्यातलं लिंग काढलं, डाव्या तळहातावर ठेवलं आणि वरून बोटं मिटून कापडानं बांधली. भजन चालू होतं. दानेश्वरी बायकांच्यात पुढं बसली होती, त्या बांधलेल्या मुठीकडे बघत.

घरी येऊन अंघोळी झाल्या. मी खुर्चीत बसलो होतो. ती ओल्या केसांना पंचा गुंडाळून समोर पाटावर बसली.

"एक सांगायचं हाय," म्हणाली. "मी गेल्यावर माझ्या हातात हे ठेवू नका."

"काय ठेवू नका?"

"हे." तिनं चौक्यावर हात ठेवला. "हे तुमचं हाय. माझं हात रिकामंच ठिवून पुरा. माझं तिकडं आदीच मातीत गेलंय."

मी खुर्चीत पुढं सरकलो. मग म्हटलं, "कधीपासनं?"

"हातात ठिवलं तवाच. अट्ठावन्न वर्सं धरलंय की वो मी. माझ्या लिंगावर अंगठ्याची जागा झालती. ह्याला कुणाचाच अंगठा लागलेला न्हाय."

"मग बोलली का न्हाईस? जेवलीस कशी?"

"तुमचं पाय निळं झालतं. पोरगी हसत हुती. काय करणार हुते मी?"

मी उठलो. म्हटलं, उद्याच जाऊ स्वामींकडे, पाया पडू, सगळं सांगू, तुझं तुला नवं घेऊ. मी भडाभडा बोलत होतो. सहा महिन्यांचं एकदम बाहेर येत होतं. तिनं मला बोलू दिलं.

"नवं घेतलं की हे परत कपाटात जाईल," ती म्हणाली. "तीस वर्सं उपाशी हुतं. माझं ग्येलं ते ग्येलं. ह्याला तरी कुणी नको का?"

मी तिच्यासमोर खाली बसलो. गुडघे वाजले. आणि डावा हात पुढं केला. तीस वर्षांत पहिल्यांदा. मला खरंच ते हवं होतं. मी घालीन, रोज पूजा करीन, पूजेआधी पाणी पिणार नाही, सगळं करीन, फक्त आत्ता तिनं ते द्यावं आणि स्वतःसाठी नवं घ्यावं.

तिनं माझा हात बघितला. बोटं मिटून माझी मूठ माझ्याच मांडीवर ठेवली.

"आत्ता न्हाय," ती म्हणाली. "मी गेल्यावर काढून घ्या माझ्या गळ्यातनं. आन् मग घाला. तोवर माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

मग ती उठली आणि कुकर लावायला आत गेली. मी तिथंच पाटासमोर बसून राहिलो, आणि आतून तिनं विचारलं, भात मऊ करू का मोकळा.